पॉवर स्टिअरिंगचा पंप आवाज करतो तेव्हा: निदान आणि बदली

गाडी सुरू होताच बोनेटखालून बारीक, सलग ‘घुंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंगला पूर्ण कट मारला की त्याची घरघर होते. अशा गाडीबद्दल गॅरेजमध्ये बहुधा एकच वाक्य ऐकू येते, ‘पंप गेला’. मग नवा किंवा जुन्या बाजारातला पंप बसतो, हजारो रुपये खर्च होतात आणि पुष्कळदा दोन दिवसांत तोच आवाज परत येतो. आवाज पंपातूनच येत होता हे खरे असते, परंतु दोष पंपात होता असे मात्र नसते. पंपाला पुरेसे ऑइल मिळत नसेल किंवा ऑइलसोबत हवा जात असेल, तर धडधाकट पंपही ओरडतो. म्हणून या लेखात निदानाला अधिक जागा दिली आहे. पंप बदलण्याची कृती त्या मानाने सोपी असून ती नंतर, २००३ ते २००७ या काळातील होंडा अकॉर्ड २.४ या गाडीच्या उदाहरणाने सांगितली आहे.

सुरुवातीला आपल्या गाडीत हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे याची खात्री करून घ्यावी. स्विफ्ट, वॅगन-आर यांसारख्या आजच्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते, त्यात ना पंप असतो ना ऑइल, त्यामुळे तेथील आवाजाची कारणे निराळी असतात. बोलेरो, इनोव्हा आणि इनोव्हा क्रिस्टा, टवेरा, जुनी अकॉर्ड, पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया या गाड्यांचे स्टिअरिंग मात्र ऑइलच्या दाबावर चालते. बोनेट उघडल्यावर स्टिअरिंगच्या चाकाचे चिन्ह असलेले झाकण आणि त्याखाली प्लॅस्टिकची लहान टाकी दिसली, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे. काही डिझेल इंजिनांत हा पंप बेल्टऐवजी गिअरवर चालतो. अशा गाडीच्या मालकांनी बेल्टविषयीचा भाग सोडून द्यावा, बाकीचे निदान त्यांनाही लागू पडते.

पंप ओरडतो म्हणजे काय होते

टाकीतले ऑइल एका जाड, मऊ नळीतून पंपात येते. पंपाच्या आत फिरणाऱ्या रोटरच्या खाचांमध्ये पातळ पाती बसवलेली असतात, ती लंबगोल कड्याच्या आतल्या भिंतीला घासत फिरतात आणि एका बाजूने ऑइल ओढून दुसऱ्या बाजूने दाबाखाली बाहेर ढकलतात. तेथून ऑइल जाड भिंतीच्या प्रेशर पाइपने रॅकपर्यंत, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यापर्यंत, जाते आणि आपले काम करून परतीच्या नळीने टाकीत येते. या साखळीत दोन बाजूंचा स्वभाव अगदी वेगळा आहे, आणि निदानाची सगळी गुरुकिल्ली त्या फरकात आहे. पूर्ण कट मारला असता बाहेर जाणाऱ्या बाजूचा दाब ७० ते १०० बारपर्यंत चढतो. टायरमधली हवा सुमारे दोन बार दाबाची असते, यावरून त्याची कल्पना यावी. या बाजूला कुठे फट पडली तर ऑइल बाहेर येते आणि जमिनीवर डाग दिसतो. याउलट आत ओढणाऱ्या बाजूचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही किंचित कमी असतो. तेथे फट पडली तर इंजिन चालू असताना ऑइल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. डाग नाही, टाकीतली पातळीही फारशी उतरलेली नाही, तरी पंप मात्र ओरडतो आहे, अशी स्थिती असेल तर संशयाची पहिली जागा ही ओढणारी बाजू होय.

हवा बाहेरूनच यावी लागते असेही नाही. वातावरणाच्या दाबाला खनिज ऑइलमध्ये त्याच्या आकारमानाच्या सुमारे आठ-नऊ टक्के हवा मुळातच विरघळलेली असते. ओढण्याच्या बाजूला जाळी तुंबली, नळी आतून बसली किंवा थंडीमुळे ऑइल दाटले, तर तेथील दाब आणखी खाली जातो आणि ही विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. हेच बुडबुडे पुढे दाबाच्या बाजूला पोहोचले की एका क्षणात फुटतात. आपल्याला ऐकू येणारी घरघर म्हणजे अशा असंख्य बुडबुड्यांचे फुटणे होय. प्रत्येक फुटण्यातून कड्याच्या आणि पात्यांच्या धातूवर बारीक आघात होतो. म्हणून आवाज सहन करीत महिनोन्‌महिने गाडी चालवली, तर मुळात निर्दोष असलेला पंपही शेवटी खरोखरच खराब होतो. निदान लवकर करण्याचे खरे कारण हेच आहे.

आवाज ओळखणे

हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी सपाट जागी उभी करावी आणि थंड इंजिन सुरू करून कोणीतरी स्टिअरिंग हळूहळू फिरवत असताना आपण बोनेटपाशी उभे राहून ऐकावे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारा आणि स्टिअरिंग वळवताच वाढणारा सलग आवाज पंपाशी किंवा त्याच्या ऑइलशी संबंधित असतो. सुरू करताना किंवा पूर्ण कट मारताना एक-दोन सेकंद येणारी कर्कश किंचाळी बहुधा घसरणाऱ्या बेल्टची असते. स्टिअरिंगला हातही न लावता सारखी येणारी कोरडी खरखर बेअरिंगची असते, पण ते बेअरिंग पंपाचेच असेल असे नाही. अल्टरनेटर, बेल्ट ताणणारी पुली, मधली पुली, एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच यांपैकी कोणाचेही असू शकते. एसी चालू-बंद केल्यावर आवाज बदलला तर लक्ष त्या दिशेला न्यावे.

उभ्या गाडीत पूर्ण कट मारून धरला असता येणारी फुसफुस मात्र दोष नव्हे. त्या वेळी पंपातला दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल त्यातून फिरून परत येते. ही स्थिती पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, कारण त्यात ऑइल झपाट्याने तापते. पार्किंग करताना स्टिअरिंग टोकाला नेऊन तसेच दाबून धरण्याची सवय अनेकांना असते, आणि ती पंपाचे आयुष्य निश्चित कमी करते.

आवाजाची नेमकी जागा शोधण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम, नाहीतर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाच्या स्थिर अंगावर टेकवून मुठीला कान लावावा. हे करताना बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांपैकी काहीही बेल्टजवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी. फिरत्या बेल्टने बोट ओढून नेण्याला क्षणही लागत नाही. पंपावर, अल्टरनेटरवर आणि ताणणाऱ्या पुलीच्या मधल्या बोल्टवर पाळीपाळीने ऐकले म्हणजे कोणत्या भागात खरखर सर्वांत जवळची आहे ते कळते.

तरीही शंका उरली, तर इंजिन बंद करून बेल्ट काढावा आणि सगळ्या पुल्या हाताने फिरवून पाहाव्यात. पंपाची पुली एकसारख्या, थोड्या जड हाताने फिरली पाहिजे. ती अडखळत असेल, खरखरत असेल किंवा दोन बोटांत धरून वरखाली हलवल्यावर हलत असेल, तर पंपाचे बेअरिंग गेले आहे, आणि त्यापुढे फारशी चर्चा करण्याचे कारण उरत नाही. बेल्ट नसताना इंजिन अर्धा मिनिट चालवून आवाज नाहीसा होतो का हेही पाहता येते. मात्र पुष्कळ गाड्यांत, वर सांगितलेल्या अकॉर्डमध्येही, तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो, म्हणून ही चाचणी थंड इंजिनावर आणि तेवढ्याच वेळापुरती करावी.

ऑइल काय सांगते

टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी आजूबाजूची धूळ पुसून घ्यावी. पातळी खालच्या रेषेच्याही खाली असेल तर आवाजाचे कारण तेथेच सापडले, पण ऑइल गेले कुठे हा प्रश्न उरतोच. प्रेशर पाइपचे सांधे, रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी आवरणे (बूट) आणि पंपाच्या शाफ्टमागची बाजू पाहावी. बूट हाताने दाबल्यावर आत ऑइल खळखळत असेल तर रॅकचे सील गळत आहे, आणि नवा पंप बसवून त्याचा काहीही उपयोग होणार नाही.

पातळी ठीक असेल तर इंजिन सुरू ठेवून टाकीत टॉर्च मारावा. ऑइलमध्ये बारीक बुडबुडे फिरताना दिसतात का, त्याचा रंग दुधाळ झाला आहे का, पृष्ठभागावर फेस आहे का, हे पाहावे. मग इंजिन बंद करून त्याच क्षणी पातळीकडे लक्ष ठेवावे. ऑइलमध्ये हवा अडकलेली असेल तर दाब जाताच ती फुगते आणि पातळी डोळ्यांदेखत वर चढते. ही खूण फार विश्वासाची आहे आणि तिला कोणतेही हत्यार लागत नाही. ऑइल काळे पडले असेल आणि त्याला करपट वास येत असेल तर ते म्हातारे झाले आहे. पांढऱ्या कागदावर टाकलेल्या थेंबात उन्हात चमकणारी राखाडी कणी दिसली, तर पंपाच्या आतला धातू झिजू लागला आहे असे समजावे.

कोणते ऑइल घालायचे याबाबत आपल्याकडे फार ढिलाई चालते. कोपऱ्यावरच्या दुकानात ‘पॉवर स्टिअरिंगचे ऑइल’ म्हणून लाल रंगाचे जे मिळते ते सर्वच गाड्यांना चालते, असा समज आहे. टोयोटाच्या बहुतेक हायड्रॉलिक गाड्यांना डेक्स्रॉन प्रकारचे लाल ऑइल चालते, होंडाला मात्र होंडाचेच स्टिअरिंग ऑइल लागते, आणि जुन्या ऑक्टेव्हियासारख्या युरोपीय गाड्यांना हिरवे हायड्रॉलिक ऑइल लागते. सील कोणत्या रबराचे आहेत आणि थंडीत ऑइल किती पातळ राहायला हवे यावर ही निवड ठरलेली असते. चुकीच्या ऑइलने सील फुगतात किंवा आक्रसतात, आणि आवाज व गळती दोन्ही सुरू होतात. झाकणावर व मालकाच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच घालावे, आणि आधी काय घातले गेले आहे हे ठाऊक नसेल तर सगळे बदलून टाकावे.

आधी स्वस्त गोष्टी

माझे ठाम मत आहे की पंपाला हात लावण्यापूर्वी ओढण्याच्या बाजूची प्रत्येक वस्तू तपासून संपवली पाहिजे. टाकीच्या तळाशी अनेक गाड्यांमध्ये बारीक जाळी असते. ऑइल काढून टॉर्चने पाहिले असता ती गाळाने भरलेली दिसली आणि जाळी टाकीतच पक्की बसवलेली असली, तर धुण्याच्या भानगडीत न पडता टाकीच बदलावी. टाकीपासून पंपापर्यंतची नळी दाबून पाहावी. ती टणक झाली असेल, क्लॅम्पखाली तडकली असेल किंवा वळणावर बसत असेल, तर बदलावी. नळीचा आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा आला, तर बाहेरून ती नवीकोरी दिसूनही ऑइल अडते, म्हणून जुनी नळी काढल्यावर तिच्यातून उजेडाकडे पाहावे.

सांध्यातून हवा जाते का हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. इंजिन चालू आणि पंप ओरडत असताना ओढण्याच्या नळीच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांवर, बेल्टपासून दूर राहून, थोडे जाड ग्रीस चोहोबाजूंनी लिंपावे. फट तेथे असेल तर ग्रीस काही काळ ती बुजवते आणि आवाज खाली येतो किंवा थांबतो. असे झाले तर दोष सापडला. ग्रीसवर गाडी चालवू नये, ते पुसून सांधा दुरुस्त करावा.

होंडाच्या गाड्यांमध्ये हा सांधा म्हणजे पंपाच्या तोंडाशी बोल्टने आवळलेला जोड असतो आणि त्यात एक लहानशी ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारी रबरी कडी, असते. अकॉर्डच्या या पिढीत ती ओ-रिंग वयोमानाने आक्रसते आणि पंप हवा ओढू लागतो. सकाळी गाडी सुरू करताच घरघर येते आणि इंजिन तापले की कमी होते, ही त्याची ठरलेली लक्षणे आहेत. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे ती मुंबईपेक्षा स्पष्ट जाणवतील, आणि न्यू जर्सीतल्या हिवाळ्यात अकॉर्ड वापरणाऱ्या आपल्या मंडळींना तर त्याहून अधिक. होंडाची या जागेची ओ-रिंग ९१३४५-आरडीए-ए०१ या क्रमांकाने मिळते. आपल्या गाडीचा चासी क्रमांक सांगून ती लागू पडते का याची खातरी करावी. पंपाच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही, आणि ती बदलायला अर्धा तास पुरतो.

ही ओ-रिंग बदलताना मोठ्या सिरिंजने टाकीतले ऑइल काढावे, जोडाभोवतीची जागा ब्रशने आणि कापडाने इतकी स्वच्छ करावी की वाळूचा एक कणही पंपाच्या तोंडात पडणार नाही, मग बोल्ट काढून जोड अलगद ओढावा. जुनी रिंग प्लॅस्टिकच्या टोकदार काडीने उचलावी, लोखंडी सुईने उचलल्यास ॲल्युमिनियमच्या खाचेवर ओरखडा पडतो आणि नवी रिंगही हवा घेते. निघालेली रिंग नव्या रिंगशेजारी ठेवून पाहण्यासारखी असते. नवी गोल आणि मऊ असते, नखाने दाबली की दबते आणि पुन्हा वर येते. जुनीच्या दोन्ही बाजू चपट्या झालेल्या असतात, तिचा काप जवळजवळ चौकोनी दिसतो आणि नख तिच्यावरून घसरते. नवी रिंग होंडाच्याच स्टिअरिंग ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवावी, जोड सरळ रेटावा आणि बोल्ट थोडे थोडे, समान आवळावेत. येथे गॅस्केटचा चिकट लेप किंवा टेफ्लॉनची पट्टी कदापि वापरू नये, तिचा तुटलेला तुकडा थेट पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो.

आणखी एक कारण विसरले जाते. प्रेशर पाइप आपल्या रबरी पकडीतून सुटून बॉडीला टेकला असेल, तर पंपाची अगदी साधी थरथर पत्र्यातून केबिनमध्ये पोहोचते आणि आत बसलेल्याला पंप गेल्यासारखे वाटते. एसीचे किंवा अपघाताचे काम झाल्यानंतर आवाज सुरू झाला असेल, तर प्रथम हेच पाहावे.

पंप बदलण्याचा निर्णय

बेअरिंगमध्ये खेळ (ढिलेपणा) आहे, शाफ्टच्या सीलमधून ऑइल गळते आहे, ऑइलमध्ये धातूची कणी आहे, किंवा योग्य ऑइल, नवी ओ-रिंग, मोकळी जाळी आणि पूर्ण काढलेली हवा यांनंतरही आवाज किंवा स्टिअरिंगचा जडपणा कायम आहे, अशा वेळी पंप बदलावा. जडपणाच्या बाबतीत गेज लावून दाब मोजून घेणे चांगले, कारण दाब बरोबर असेल तर दोष रॅकमध्ये असतो. हे काम गेज आणि गाडीच्या दाबाचे आकडे असलेल्या वर्कशॉपवर सोपवावे.

नवा पंप मूळ कंपनीचा घ्यावा किंवा मूळ कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचा घ्यावा. झेडएफ राणे, किंवा पूर्वीची सोना कोयो म्हणजे आजची जेटेक्ट इंडिया, या भारतातल्या स्टिअरिंगच्या जुन्या उत्पादकांपैकी आहेत. आपल्या गाडीला कोणाचा पंप होता हे त्याच्या अंगावरच्या पट्टीवर दिसते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून पंप घ्यायचाच असेल, तर दुकानातच पुली हाताने फिरवून पाहावी, शाफ्टचा खेळ तपासावा आणि आत उरलेले ऑइल कागदावर घेऊन पाहावे. त्यात पैसे वाचतात हे खरे, पण इतक्या कष्टाच्या कामात वापरलेला पंप घालणे मला पटत नाही. पंपासोबत ओढण्याच्या आणि दाबाच्या अशा दोन्ही बाजूंच्या नव्या ओ-रिंग, गरज असेल तर नवा बेल्ट, आणि दीड-दोन लिटर योग्य ऑइल आणून ठेवावे. अकॉर्डच्या यंत्रणेत सुमारे एक लिटर ऑइल मावते, बाकीचे धुण्यासाठी लागते.

अकॉर्ड २.४ मध्ये पंप बदलणे

या गाडीत पंप इंजिनाच्या वरच्या भागात, बेल्टच्या बाजूला असतो आणि वरूनच हाताला येतो, हे मोठे सुख आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण वायर काढावी, कारण पंपाच्या खालीच अल्टरनेटर आहे आणि त्याच्या जाड टर्मिनलमध्ये गाडी बंद असतानाही वीज असते. अल्टरनेटरवर जाड कापडांचे दोन-तीन थर आणि त्यावर प्लॅस्टिक पसरावे, त्यात सांडलेले ऑइल पुढे महागात पडते.

बेल्ट काढण्यापूर्वी तो कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. ताणणारी पुली लांब पान्याने फिरवून बेल्ट सैल करावा, पंपाच्या पुलीवरून उतरवावा आणि ताण हळूच सोडावा. सिरिंजने टाकी रिकामी करावी. मग ओढण्याचा जोड आणि प्रेशर पाइपचा जोड यांचे १० मिलिमीटर डोक्याचे बोल्ट काढून दोन्ही बाजूला करावेत आणि त्यांच्या तोंडांवर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बांधावी. प्रेशर पाइप वाकवून वाट करण्याचा मोह टाळावा. त्यानंतर पंप धरून ठेवणारे १२ मिलिमीटर डोक्याचे बोल्ट काढले की पंप वर उचलता येतो. उचलताना तो तिरका झाला तर आतले ऑइल बेल्टवर सांडते. तसे झाल्यास बेल्ट कोरड्या कापडाने पुसून भागत नाही, तो साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा किंवा बदलावा.

जुना आणि नवा पंप शेजारी ठेवून जोडांची तोंडे, बोल्टची भोके आणि पुलीचे अंतर तंतोतंत जुळते का ते पाहावे. पुली वेगळी आली असेल तर ती अदलाबदल करावी लागते. काही गाड्यांच्या पंपांवर पुली दाबून बसवलेली असते. ती काढायला आणि बसवायला वेगळा पुलर लागतो, आणि हातोड्याने ठोकून बसवली तर नव्या पंपाचे बेअरिंग आणि पाती पहिल्याच दिवशी दुखावतात. पुलर नसेल तर एवढे काम जवळच्या वर्कशॉपमधून करून आणावे.

बसवण्यापूर्वी नव्या पंपाच्या ओढण्याच्या तोंडातून स्वच्छ ऑइल ओतावे आणि पुली तिच्या फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवत राहावी. दुसऱ्या तोंडातून ऑइल येऊ लागले म्हणजे पाती भिजली. कोरडा पंप सुरू झाला तर पहिल्या काही सेकंदांतच आतून ओरखडे पडतात, म्हणून ही पायरी कोणी अनावश्यक म्हटली तरी वगळू नये. मग नव्या ओ-रिंग ऑइल लावून बसवाव्यात, पंप जागेवर ठेवून सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवावेत, आणि नंतरच पाना लावावा. पंपाचे ८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट २२ न्यूटन-मीटर आणि प्रेशर पाइपचे ६ मिलिमीटरचे बोल्ट ११ न्यूटन-मीटर एवढ्या जोराने आवळावेत. पंपाचे अंग ॲल्युमिनियमचे असल्याने ‘अजून थोडा’ जोर आटे घालवतो. टॉर्क पाना नसेल तर तो भाड्याने किंवा उसना आणावा. शेवटी फोटोप्रमाणे बेल्ट चढवून प्रत्येक पुलीच्या खाचेत तो नीट बसला आहे हे बोटाने चाचपावे.

जुने ऑइल धुणे आणि हवा काढणे

ऑइलमध्ये कणी दिसली असेल तर जुने ऑइल धुऊन काढल्याशिवाय नवा पंप सुरू करू नये. परतीची नळी टाकीपासून सोडवून रिकाम्या बाटलीत न्यावी आणि टाकीचे मोकळे तोंड रबरी बुचाने बंद करावे. गाडीची पुढची चाके जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावीत, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नये. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी पाचर लावावी. नंतर इंजिन बंद ठेवूनच सहकाऱ्याने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे आणि आपण टाकीत नवे ऑइल ओतत राहावे. बाटलीत स्वच्छ ऑइल येऊ लागले की नळी पुन्हा टाकीला जोडावी. या सर्व वेळात टाकी एकदाही रिकामी होता कामा नये.

हवा काढताना घाई केली की सगळे काम वाया जाते. टाकी वरच्या रेषेपर्यंत भरावी आणि इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत संथपणे फिरवावे. पातळी उतरेल तसे ऑइल घालावे. टाकीत बुडबुडे येणे थांबल्यावर बॅटरीची वायर जोडून इंजिन एक-दोन सेकंदच सुरू करून बंद करावे, पातळी पाहावी, आणि मगच ते संथ गतीवर चालू ठेवावे. स्टिअरिंग पुन्हा फिरवावे, पण टोकाला नेऊन दाबू नये आणि ॲक्सिलरेटरला स्पर्श करू नये. ऑइल दुधाळ दिसू लागले तर इंजिन बंद करून गाडी तासभर तशीच ठेवावी. बारीक बुडबुडे आपोआप वर येतात, फेसाळलेले ऑइल पुन्हा पुन्हा फिरवून मात्र ते कधीच निघत नाहीत. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप असेल तर टाकीच्या तोंडावर घट्ट बसणारे बूच लावून हवा ओढून घेता येते, आणि हट्टी हवेसाठी तो उपाय फार गुणकारी आहे.

चाके खाली टेकवून गाडी फिरवून आणावी. पहिल्या काही मिनिटांत थोडी घरघर राहिली तर ती उरलेल्या हवेची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी आणि दोन्ही जोडांखाली पांढरा कागद फिरवून कुठे ओल दिसते का ते तपासावे. आठवड्याने हीच तपासणी पुन्हा करावी. थंड इंजिनावर आवाज परत आला, पण जोड कोरडे आणि पातळी ठीक असेल, तर नव्या पंपाला दोष देण्याआधी ओढण्याच्या जोडावर पुन्हा ग्रीस लिंपून पाहावे. ओ-रिंग बसवताना चिमटली असण्याची शक्यता पंप सदोष निघण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असते.

काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. जुना पंप मात्र नव्या पंपाची वॉरंटी सुरू झाल्याची आणि सर्व काही ठीक चालल्याची खात्री होईपर्यंत भंगारात घालू नये. काही दुकानदार तो परत घेऊन बिलातून रक्कम कमी करतात.